चढाला लागलं की ब्लोअरचं प्रेशर पडतं : घरी बांधलेल्या यंत्राची तपासणी कुठून सुरू करायची

द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, पोंगे फुटून चार-पाच पानांवर आले आणि पाऊस रेंगाळला, की ही तक्रार येऊ लागते. दिंडोरी, चांदवडकडच्या मुरमाड उतारावरच्या बागांतून तर हमखास. यंत्र, म्हणजे औषध फवारायचा ब्लोअर, घरी बांधलेलं असतं. एचटीपी पंप (तीन पिस्टनचा, जास्त दाबाचा) विकतचा, दोन चाकांचा गाडा आणि पत्र्याची सहाशे लिटरची टाकी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडची, पुढे मिनी ट्रॅक्टर. सपाटीवर प्रेशरचा काटा वीस किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) ठाम. चढाला लागलं की काटा खाली.

पहिल्यांदा लक्षण नीट ओळखा. 'प्रेशर पडतं' एवढं सांगून काही कळत नाही, कारण ते पडायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

चढताना पडतं, उतरताना परत येतं. टाकी भरलेली असताना काही त्रास नाही, पाणी कमी झालं की सुरू. नोझल खोकल्यासारखे फुरफुरतात. पंप हवा ओढतोय.

फेरीगणिक थोडं थोडं कमी होत जातं, चढ असो वा उतार. गाळणी तुंबतेय, किंवा टाकीला हवा मिळत नाहीये.

इंजिनाचा आवाज दबतो आणि त्याच क्षणी काटा खाली येतो. फेरे कमी पडताहेत.

काटा सारखा थरथरतो, पाईप थडथडतो, सपाटीवरसुद्धा. हवा, नाहीतर पंपातला एखादा व्हॉल्व्ह.

कुठेच पूर्ण प्रेशर येत नाही. नोझल झिजले, रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करणारा भाग) गेला किंवा पंपाची पॅकिंग गेली.

काट्याकडे लक्ष नसेल तर बाग सांगते. ओळींच्या वरच्या टोकाला, पानाच्या खालच्या बाजूला डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) आधी दिसली आणि खालची टोकं स्वच्छ असली, तर औषधाला दोष देण्याआधी यंत्र तपासा. साध्या पाण्यावर एक ओळ चालवा आणि वरच्या टोकाची पानं उलटून बघा. खालची बाजू कोरडी असेल तर बुरशीनाशक बदलून उपयोग नाही.

आपल्याकडे रीत अशी की प्रेशर पडलं की पहिला संशय पंपावर. पंप सोडवून दुकानात, किट बदललं, पैसे गेले, आणि चढावर काटा पुन्हा तिथेच. सपाटीवर चालणारा पंप चढावर आजारी पडत नाही. अशा वेळी दोष बहुतेक पंपाच्या मागे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या दोन-तीन फुटांत असतो. म्हणून पंप सगळ्यात शेवटी उघडायचा.

सुरू करण्याआधी

टाकीत औषध नको, स्वच्छ पाणी हवं. गाडा सपाटीवर घ्या, चाकांना दगड लावा. कुठलाही जोड सोडण्यापूर्वी पीटीओ (ट्रॅक्टरचा पंप फिरवणारा शाफ्ट) बंद, चावी खिशात, आणि रेग्युलेटर ढिला करून काटा शून्यावर. उपरणं, ओढणी, सैल बाही यातलं काही अंगावर नको. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो. कापड गुंडाळलं गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत : पाणी चढवायला सक्शन पाईप तोंडाने ओढणं, आणि तुंबलेला नोझल तोंडाने फुंकणं. पाईप धुतलेला असला तरी त्यात औषध उरतंच.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

टाकीचं झाकण ढिलं करा आणि त्याच चढावर पुन्हा चालवून बघा. झाकणाला हवेचं छिद्र लागतं. ते चिखलाने बुजतं, किंवा पाणी हिंदकळून बाहेर येतं म्हणून कुणीतरी नवं रबर लावून झाकण घट्ट करून टाकतं. पंप पाणी ओढतो, आत हवा यायला वाट नाही, मग टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पाणी मिळेनासं होतं. झाकण उघडताना फस्स आवाज आला तर दोष सापडला. छिद्र मोकळं करा आणि त्यावर खाली वळवलेली छोटी नळी बसवा, म्हणजे पाणी उडणार नाही.

दुसरी, गाळणी. टाकीच्या तोंडावरची नव्हे, पंपाच्या अलीकडची. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारणाऱ्यांनी ही दर टाकीला उघडायलाच हवी. कळीच्या चुन्यातले न विरघळलेले खडे, पावडरीच्या पुड्यांचे प्लास्टिकचे तुकडे आणि एखादं पान मिळून जाळीवर लगदा बसतो. जाळी उजेडासमोर धरा. निम्मी भोकं बुजलेली असली तरी सपाटीवर भरल्या टाकीत यंत्र चालतं, कारण पाण्याचा दाब मदतीला असतो. चढावर तोंडावरचं पाणी कमी होतं आणि मग तीच जाळी अडचण होते. जाळीत तांबूस पापुद्रे सापडत असतील तर टाकी आतून खातेय. मोरचूद लोखंड आणि जस्त दोन्ही खातं. बोर्डोसाठी जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) टाकी ठेवली असेल तर हे पापुद्रे येतच राहणार. त्यापेक्षा प्लास्टिकची टाकी बरी.

तिसरी, सक्शन पाईप. आत तारेचं वेटोळं असलेलाच हवा. कुणीतरी साधा बागेतला पाईप लावलेला असतो. सकाळी तो चालतो, दुपारी उन्हाने मऊ पडला की ओढीने चपटा होतो. यंत्र चालू असताना लांबून नुसतं बघा, पाईप आत दबताना दिसतो. पीटीओ फिरत असताना हात लावायचा नाही.

थोड्या पैशांत : हवा कुठून शिरते

सक्शनची गळती फसवी असते. प्रेशरच्या बाजूला क्लिप ढिली असेल तर पाण्याची चिळकांडी उडते आणि लगेच कळतं. सक्शनला क्लिप ढिली असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस पुढे सरकतो. इथे साबणाचा दाट फेस कामाला येतो. पीटीओ बंद असताना प्रत्येक क्लिपवर, गाळणीच्या टोपीच्या कडेला आणि कॉकच्या दांडीभोवती फेस फासा, मग बाजूला होऊन यंत्र चालू करा. जिथे गळती आहे तिथला फेस हळूहळू आत ओढला जातो, त्या जागी काळी रेघ मोकळी होते. गाळणीच्या टोपीतला ओ-रिंग आणि कॉकची दांडी या दोन जागा सर्वांत जास्त सापडतात. ओ-रिंग दहा-वीस रुपयांची वस्तू. बदलताना आटे स्वच्छ पुसा, चुन्याचा थर राहिला तर नवीही बसत नाही.

पंपाच्या तोंडाजवळ वीतभर पारदर्शक तारेचा पाईप बसवून टाका. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, मग तर्क करावा लागत नाही.

ड्रमची चाचणी

दोनशे लिटरचा ड्रम स्वच्छ पाण्याने भरून पंपाशेजारी ठेवा. सक्शन पाईप टाकीवरून सोडवून थेट ड्रममध्ये तळापर्यंत बुडवा, बायपासची (जास्तीचं पाणी परत टाकीत सोडणारी) नळीही ड्रममध्येच सोडा. सपाटीवर यंत्र चालवा, रेग्युलेटरने वीस किलो घ्या आणि पाच मिनिटं काटा बघा. नोझल चालू ठेवलेत तर पाच मिनिटांत ड्रम अर्ध्याच्या खाली जाईल, म्हणून जवळ पाण्याची नळी ठेवा.

काटा स्थिर राहिला तर पंप, पट्टा, रेग्युलेटर ठीक आहेत. दोष बहुतेक टाकीत आहे, नाहीतर चढावर फेरे कमी पडताहेत. काटा इथेही थरथरला तर टाकी निर्दोष, सक्शनचे जोड पुन्हा बघा आणि मग पंपाकडे वळा. ही एक चाचणी केली तरी पंपाचं किट उगाच बदलणं टळतं.

टाकीचा आकार : खरं दुखणं बहुतेक वेळा इथे

गाड्यावरची टाकी धरा १२० सेंटिमीटर लांब, ८० रुंद, तळ सपाट. पंप पुढे, पीटीओजवळ, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याने पाण्याचं तोंडही पुढच्या बाजूला काढलं. पाईप आखूड लागला, दिसायला नीटनेटकं. सपाट रानात याने काही बिघडत नाही.

आता हाच गाडा १० अंशांच्या चढावर न्या. टाकीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे २१ सेंटिमीटर वर उचललं जातं. पाणी मागे गोळा होतं. मागच्या कोपऱ्यात २१ सेंटिमीटर पाणी असताना पुढचा तळ कोरडा असतो, आणि त्या तिरक्या पाण्याचा हिशोब केला तर ते भरतं जवळजवळ १०० लिटर. म्हणजे टाकीत शंभर लिटर औषध आहे आणि पंप हवा खातोय. प्रत्यक्षात त्याआधीच, कारण तोंडावर पाणी थोडं उरलं की भोवरा धरतो आणि दगडांवरून गाडा हिंदकळला की तोंड क्षणभर उघडं पडतं. दीडशे लिटरलाच काटा नाचू लागतो.

यावर लोक करतात तो उपाय म्हणजे पुढे एक, मागे एक अशी दोन तोंडं काढून दोन्ही पाईप टीला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडणं. पटतं, पण चालत नाही. वरचं तोंड उघडं पडलं की पंपाला पाण्यापेक्षा हवा ओढणं सोपं जातं, आणि टी पुरेसा खाली नसेल तर तो त्या तोंडातूनच हवा ओढत राहतो. मधे कॉक बसवून प्रत्येक वळणावर उतरून फिरवत बसायचं असेल तर गोष्ट वेगळी.

खरा उपाय तळाच्या मधोमध खड्डा. साधारण २५ सेंटिमीटर चौरस आणि १५ खोल डबा टाकीखाली जोडायचा, पाण्याचं तोंड त्या डब्याच्या बाजूने काढायचं, आणि डब्याच्या तळाला निचऱ्याचं बूच. त्याच १० अंशांवर आता अडकून राहणारं पाणी १०० लिटरवरून सुमारे १६ वर येतं. शिवाय डब्यात नऊ-एक लिटर साठा राहतो, त्यामुळे पाणी हिंदकळलं तरी पंपाला काही सेकंदांचा आधार मिळतो. खड्डा मागच्या टोकाला काढायचा मोह होतो, कारण चढताना पाणी तिथेच असतं. पण उतरतानाही फवारणी चालूच असते, तेव्हा तो कोरडा पडेल. मधोमधच हवा. ओळी उताराला आडव्या असल्या तरी मधला खड्डा दोन्ही बाजूंना पुरतो. तळाला खड्ड्याकडे थोडा ढाळ दिला तर उत्तमच.

टाकीत आडवे पत्रे नसतील तर तेही आत्ताच घाला. दोन पत्रे, खालच्या कोपऱ्यांना हात जाईल एवढी भोकं, वरून हवेला जागा. याने हिंदकळणं कमी होतं. चढावर पाणी एकदम मागे आदळलं की सगळा गाडा ट्रॅक्टरला मागे ओढतो, हे चालवणाऱ्याला पाठीत जाणवतं.

बायपासची नळी कुठे सोडली आहे तेही बघा. ती पाण्याच्या वरून, तोंडाच्या शेजारी पडत असेल तर स्वतःच फेस करते आणि पंप तोच फेस ओढतो. ती तळाजवळ, तोंडापासून लांबच्या कोपऱ्यात सोडा. औषध ढवळायलाही तीच कामी येते.

हंगाम ऐन भरात आहे आणि टाकी कापायला वेळ नाही, अशा वेळी पैसे न घालता : चढावर दीडशे लिटरच्या खाली जायचं नाही, उरलेलं औषध उतरणाऱ्या ओळींना वापरायचं. टाकीच्या बाजूला पातळीची पारदर्शक नळी असेल तर तिच्यावर लाल खूण करा. नळी टाकीच्या मधल्या भागात हवी, टोकाला असेल तर चढावर खोटं दाखवते.

फेरे, पट्टा आणि नोझल यांचं एकत्र गणित

हवा कुठेच शिरत नाही, तरी चढावर काटा पडतो, तेव्हा हा भाग.

समजा पंप मिनिटाला ९०० फेऱ्यांना ३६ लिटर देतो. नोझल १२, प्रत्येकी २ लिटर, म्हणजे २४ लिटर बागेत आणि १२ लिटर बायपासने परत टाकीत. ते परत जाणारं पाणी म्हणजे तुमची शिल्लक. चढावर इंजिन दबून फेरे पाऊणपट झाले तर पंप २७ लिटर देतो, तरी काटा हलत नाही, कारण बायपासमधून तीन लिटर अजून जाताहेत.

आता नोझल झिजून प्रत्येकी २.४ लिटर देऊ लागले. सपाटीवर २८.८ लिटर बागेत, सात लिटर परत, काटा वीसवर, सगळं छान. चढावर फेरे तसेच पाऊणपट झाले की पंपाचे २७ लिटर नोझलना पुरत नाहीत आणि काटा साडेसतराच्या आसपास येतो. म्हणजे दोष नोझलचा, पण दिसतो फक्त चढावर. आणि बायपास बंद झाल्याने ढवळणंही थांबलेलं असतं, तो तोटा वेगळा.

तेव्हा आधी सपाटीवर बायपासची नळी बघा. पूर्ण फेऱ्यांवर, सगळे नोझल चालू असताना त्यातून चांगली धार यायला हवी. करंगळीएवढी धार असेल तर चढाला काही शिल्लकच नाही. मग नोझल मोजा : प्रत्येकाखाली मापाचं भांडं, एक मिनिट. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त देणारा बदलायचा, आणि शक्य असेल तर सगळे एकदम बदलायचे. बोर्डो आणि गंधक फवारणाऱ्यांनी सिरॅमिकचे घ्यावेत, पितळी लवकर झिजतात. भोक साफ करायला तार घालू नका, जुना दातांचा ब्रश पुरतो.

पट्टा ढिला असेल तर भाराखाली घसरतो, करकरतो, जळका वास येतो. यंत्र बंद करून पुलीला हाताची पाठ जवळ न्या, घसरणाऱ्या पट्ट्याची पुली चांगलीच तापलेली लागते. पुलीचं प्रमाणही तपासा. पीटीओचे ५४० आणि पंपाला ९०० हवेत, तर पंपावर सहा इंची पुली असेल तेव्हा शाफ्टवर दहा इंची लागते. जुन्या यंत्राची पुली सापडली म्हणून आठ इंची बसवलेली असते आणि पंप ७२० वर चालत असतो.

आणि गिअर. चढावर एक गिअर खाली घ्या, ॲक्सिलेटर जिथे होता तिथेच ठेवा. ट्रॅक्टर सावकाश चढेल पण पीटीओचे फेरे टिकतील. बऱ्याच बागांत एवढ्यावर काम भागतं. मात्र वेग कमी झाला की त्या ओळीला एकरी पाणी जास्त पडतं, औषधाचा डोस बसवताना हे धरा.

पंप उघडायचा झालाच तर

घरी करण्यासारखं इतकंच : एअर चेंबरमध्ये हवा भरायचा वाल असेल तर कंपनीने दिलेल्या दाबाला हवा भरणं (हवा कमी असेल तर काटा थरथरतो), आणि सक्शन-डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह काढून बघणं. तीनपैकी एका पिस्टनच्या व्हॉल्व्हखाली ज्वारीच्या दाण्याएवढा चुन्याचा खडा अडकला तरी पंप दोन पायांवर चालतो. व्हॉल्व्ह काढलेल्या क्रमाने कागदावर ठेवा, जागा बदलू नका. बैठकीवर ओरखडा नखाला लागत असेल तर घासत बसू नका, जोडी बदला.

इथे हात थांबवा

पंपाचं तेल दुधाळ झालंय : सील जाऊन पाणी आत शिरलंय. तसाच चालवला तर क्रँक आणि बेअरिंग जातील. पंपाच्या मेकॅनिककडे द्या.

आतून ठोके येताहेत, किंवा पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) हाताने खेळ जाणवतो : त्या दिवसाची फवारणी बंद. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच फुटलं असेल तरीही.

सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर गळतोय म्हणून त्याचं बूच ठोकून बसवायचं नाही. प्रेशरच्या पाईपला सुईएवढं छिद्र असेल तर बोटाने चाचपायचं नाही. वीस किलोची बारीक धार कातडी फोडून औषध आत घालते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. असं झालं तर बाटलीचं लेबल सोबत घेऊन थेट हॉस्पिटलात.

खड्डा जोडायला टाकी वेल्डरकडे नेताना त्यात काय फवारलं होतं ते आधी सांगा. औषधाचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने विषारी धूर करतो आणि बंद टाकीत साठलेली वाफ पेटू शकते. टाकी अनेकदा धुवून, सगळी तोंडं उघडी ठेवून, सराव असलेल्या माणसाकडूनच हे काम करून घ्या. गाड्याच्या चॅनलला किंवा हूकच्या जोडाला तडा असेल तर घरच्या मशीनने टाका मारून भागवू नका, भरल्या टाकीचं सगळं वजन चढावर त्या एका जागी येतं.

आणि चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागेनासं झालं, किंवा उतरताना गाडा मागून ढकलतोय असं वाटलं, तर प्रश्न प्रेशरचा उरलेला नाही. टाकी निम्मीच भरा, पुढे वजन लावा, दोन्ही ब्रेकची कडी जोडा, खालच्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल कधीच नाही. एवढं करूनही चाकं उचलत असतील तर त्या ओळींना यंत्र नेऊ नका. ट्रॅक्टर खाली सपाटीवर उभा करून लांब पाईप आणि गनने फवारा. वेळ जास्त जाईल, माणूसही एक जास्त लागेल.